समुद्राकाठची वस्ती आणि सर्वांचे मैदान

आमच्या शहाद्याला समुद्र नाही. गावाला गोमाई आहे आणि जवळच प्रकाशाला तापी. तरीही समुद्राकाठची एक वस्ती आमच्याकडच्या पुष्कळांनी पायी फिरून पाहिलेली आहे. दर वर्षी ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करण्यासाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लाखो माणसे दादरच्या चैत्यभूमीवर जातात. त्यांत खानदेशातली माणसेही असतात. ज्या रस्त्यांवरून ती चालतात, त्या दादर-शिवाजी पार्कच्या वस्तीची गोष्ट मला आज सांगायची आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दादर-माहीमचा हा किनारा म्हणजे मुंबईचे उपनगरच होते. नारळाच्या वाड्या, कोळ्यांची घरे आणि शेते असा सारा परिसर. इथला एक मोठा रस्ता आजही लेडी जमशेटजींच्या नावाने ओळखला जातो. माहीमची खाडी ओलांडताना नावा बुडत, माणसे दगावत. म्हणून या बाईंनी तिथे बांध घालण्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये तो रस्ता खुला झाला. वस्ती नंतर वाढली. रस्त्याची सोय आधी झाली होती.

वस्ती वाढायला कारण झाले ते एक संकट. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, काळोख्या चाळींमध्ये माणसे पटापट मरू लागली. तेव्हा १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. शहरात रुंद रस्ते काढावेत, घरांत उजेड आणि समुद्राचा वारा खेळावा, मोकळ्या जागेवर नव्या वसाहती वसवाव्यात, असे त्याचे काम होते. दादर-माटुंग्याची आखणी त्यातूनच झाली. रेल्वेच्या पूर्वेला हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी उभ्या राहिल्या. पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, शिवाजी पार्कची वस्ती त्यानंतर आकाराला आली.

या वस्तीत मैदान आधी आले आणि घरे मागाहून. १९२५ मध्ये महापालिकेने सुमारे २८ एकरांचे हे मैदान केले. तेव्हा त्याचे नाव होते माहीम पार्क. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. गांधीजींचे मराठी चरित्र लिहिणाऱ्या, लोकमान्यांची प्रस्तावना लाभलेल्या याच त्या अवंतिकाबाई. शिवजन्माचे वर्ष तेव्हा पुष्कळ जण १६२७ मानीत. त्या हिशेबाने ते त्रिशताब्दीचे वर्ष होते.

१९३०-४० च्या दशकांत मैदानाभोवती तीन-चार मजली इमारती उठल्या. गोलाई दिलेल्या गॅलऱ्या, जिन्यावरच्या उभ्या खिडक्या, दारावर ठळक अक्षरांत इमारतीचे नाव. गिरगावच्या चाळीतून आलेल्या माणसाला इथे 'ब्लॉक' मिळाला. ब्लॉक म्हणजे स्वतंत्र स्वयंपाकघर आणि मुख्य म्हणजे घरातच संडास-न्हाणीघर. मुंबईच्या मराठी मध्यमवर्गाचे राहणीमान या एका सोयीने किती बदलले, हे चाळीत राहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

माणसे आली की शाळा आणि दुकाने येतातच. १९४० मध्ये बालमोहन विद्यामंदिर सुरू झाले. रानडे रोड कापडचोपड आणि संसाराच्या वस्तूंनी भरला. स्टेशनलगतच्या फुलबाजाराने साऱ्या मुंबईला हार-गजरे पुरवले. लग्नाचा बस्ता बांधायला दादरलाच जायचे, असा रिवाज पडला. १९६५ मध्ये शिवाजी मंदिर हे नाट्यगृह उघडले आणि १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके रंगली. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, पण ट्राम टर्मिनसचे 'टी. टी.' दादरच्या नावाला चिकटून राहिले ते राहिलेच.

एवढ्यावर थांबले असते, तर ही एका सुखवस्तू वस्तीची गोष्ट झाली असती. ७ डिसेंबर १९५६ रोजी ती बदलली. हिंदू कॉलनीतल्या 'राजगृह' या बाबासाहेबांच्या घरापासून अंत्ययात्रा निघाली आणि दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. १९७१ मध्ये तिथे स्तूप उभा राहिला. मैदानावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा झाल्या, ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा झाला. त्याच मातीवर सुनील गावसकर, सचिन तेंडुलकर खेळले. संध्याकाळी वृद्ध मंडळी ज्या कट्ट्यावर बसतात, त्याच्याच आत सभेच्या दिवशी सारा महाराष्ट्र बसतो.

यातून ओढाताणही झाली. रहिवाशांना शांतता हवी, सभांना मैदान हवे. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. रहिवाशांची तक्रार खोटी नव्हती. ज्याच्या खिडकीशी भोंगा लागतो, त्यालाच तो ऐकावा लागतो. पण लांबून येणाऱ्याचा हक्कही खरा आहे. वर्षातून एकदा येऊन, वाळूवर रात्र काढून, पुस्तके घेऊन परतणारा माणूस या वस्तीच्या इतिहासात पाहुणा नाही.

आज जुन्या इमारती पाडून तिथे उंच मनोरे चढत आहेत. जुनी घरे दुरुस्त करणे सोपे नसते, हे मान्य. पण प्लेगनंतर इथे रस्ते आखले गेले ते उजेड आणि वारा सर्वांना मिळावा या हिशेबाने. मजले वाढले तरी तो हिशेब चुकता कामा नये. मोकळे मैदान आणि मोकळा किनारा हीच या वस्तीची खरी मिळकत आहे. ती तिथल्या रहिवाशांची आहे, तशीच गोमाईकाठच्या माणसाचीही आहे.