मांजरीची वाट, पाण्याच्या काठाने

कार्तिक महिना, साल १७७२. तुम्ही मांजरी गावात, मुळा-मुठेच्या उजव्या तीरावर उभे आहात. संगमापाशी दोन्ही नद्या एक झाल्या आणि पुणं मागे टाकून इथवर आल्या. पुढे त्या रांजणगाव सांडसला भीमेला मिळणार. ओंजळीने पाणी प्या. तळाची वाळू स्पष्ट दिसते आहे. उत्तरेकडून नुकतेच उतरलेले चक्रवाक जोडीजोडीने काठावर बसले आहेत.

आता नदीकडे पाठ करा. समोर नुसता माळ पसरलाय. बाजरी निघून गेली आहे, शाळू गुडघ्याएवढा झालाय. मधूनमधून बाभळी, आणि कुठे विहीर असेल तिथेच हिरवा तुकडा. बैल धावेवरून उतरतात, नाडा ताणला जातो, मोट भरून वर येते आणि थारोळ्यात रिती होते. एका मोटेखाली जेवढं भिजेल तेवढीच बागायत. बाकी सगळं पावसाच्या भरवशावर.

या मुलखातले लोक सध्या पूर्वेकडे कान लावून आहेत. थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात थोरले माधवराव पेशवे क्षयाने अंथरुणाला खिळले आहेत. १८ नोव्हेंबरला ते जातील. वय अवघं सत्तावीस. रमाबाई सती जातील. बातमी घेऊन पुण्याकडे सुटलेल्या घोड्यांच्या टापा ऐकल्यात, की पुढे चला.

आता १९१२चा जानेवारी आहे. जागा तीच, पण तुम्हाला ओळखू येणार नाही. तो कोरडा माळ उसाने झाकून गेलाय. १८७०च्या दशकात खडकवासल्याला मुठा अडवून उजवा कालवा काढला आणि त्याचं पाणी हडपसर, मांजरी, लोणी करत पूर्वेला गेलं. काठावरून चालत राहा. पायाखाली भुसभुशीत माती, एका हाताला संथ वाहतं पाणी, दुसऱ्या हाताला डोक्यावरून उंच गेलेला पुंड्या ऊस. पलीकडून जी. आय. पी. रेल्वेची शिट्टी येते. पुण्याहून दौंडाकडे ही गाडी १८५८पासून धावते आहे.

नाकाला उग्र वास येईल. तोंड फिरवू नका. ते सोनखत आहे. पुणे शहराचा मैला मातीत-राखेत मुरवून, वाळवून गाड्यांनी इकडे येतो आणि शेतकरी तो पैसे मोजून घेतात, कारण ऊस खादाड पीक आहे. कालव्याचं पाणी आणि शहराचं खत, या दोन गोष्टींनी ही काळी जमीन श्रीमंत केली आहे. इथल्या सरकारी फार्मवर उसाला पेंड किती, खत किती, पाणी कितव्या दिवशी, याचे प्रयोग चालू आहेत. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मान यांच्या पिढीतल्या कृषिशास्त्रज्ञांना दख्खनच्या बागायतीचं गणित मांडायचं आहे.

धूर दिसतोय तिकडे वळा. गुऱ्हाळ लागलंय. बैल लोखंडी चरकाभोवती फिरताहेत, रस घळघळ मांदणात पडतोय. चुलवाणात एकजण सारखी वाळकी चिपाडं सारतोय. काहिलीत रस उकळायला लागला की भेंडीचं चिकट पाणी टाकतात, मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकायची. रसाचा रंग हिरव्यावरून पिवळा, पिवळ्यावरून तांबूस होत जातो. गुळव्या बोलत नाही. त्याचं लक्ष बुडबुड्यांवर आहे. तो थेंबभर पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का बघतो आणि एकदम ओरडतो. चौघे धावतात, काहील उचलतात आणि वाफ्यात पालथी करतात. क्षणभर उशीर झाला असता तर आदण करपलं असतं.

"या पाव्हणं, हात पुढं करा."

पळसाच्या पानावर गरम गूळ पडतो. फुंकर मारून खा. तळव्याला चटका बसतो, जिभेला चव लागते, आणि जानेवारीची थंडी पळून जाते. बांधावर शाळूचा हुरडाही भाजतोय. कणसं आरावर फिरवून गरम असतानाच चोळायची, तोंडी लावायला तिळाची चटणी. उठायची घाई करू नका.

पुढची वर्षं भराभर जातात. ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी लोणी काळभोरच्या मुक्कामाकडे निघालेली दिसते, वाटेवर टाळांचा गजर आणि पायांची धूळ. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटतं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत जाते आणि पुण्याच्या पेठा बुडवून आलेलं गढूळ पाणी याच पात्रातून पूर्वेला लोटतं. १९७५ साली इथे ऊस संशोधनाची संस्था उभी राहते, जिला पुढे वसंतदादा पाटलांचं नाव मिळतं. १९९७मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथे येतं आणि 'मांजरी नवीन', 'मांजरी मेडिका' या वाणांतून गावाचं नाव वेलींवर चढतं. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत जातं.

तुम्ही आजच्या जानेवारीत पोचलात. पहाटे पुणे-दौंड गाडीने मांजरीला उतरा, किंवा सोलापूर रस्त्याने थेट कवडीपाटाला या. दुर्बीण काढा. काठाच्या उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांच्या शेकाट्या आहेत, दगडांवर शेपटी हलवणारे धोबी, चिखलात तुतवार, चिंचोळ्या बेटावर चित्रबलाक. आणि हो, चक्रवाक अजून येतात. पण ओंजळ भरू नका. पाणी काळं आहे, फेस आहे, बाभळींना प्लॅस्टिक लटकलंय. शहराचा जो मैला शंभर वर्षांपूर्वी शेतकरी विकत घेत होते, त्यातला पुष्कळसा आता नदीच्या गळ्यात बांधलाय.

कालव्याचीही तीच गत. जुन्या उजव्या कालव्याला आता लोक बेबी कालवा म्हणतात आणि ठिकठिकाणी त्यात कचरा टाकतात. पण असे कालवे नव्याने जगवताही येतात. आयर्लंडमध्ये एके काळी वापरातून गेलेल्या, दोनशे वर्षांपूर्वीच्या रॉयल कालव्याच्या काठाने मेनूथपासून शॅनन नदीपर्यंत १३० किलोमीटरची पायवाट आणि सायकलवाट केली, आणि तिचं उद्घाटन झालं २०२१ साली, म्हणजे मांजरी महापालिकेत गेली त्याच वर्षी. तिकडे लोक लांबून त्या वाटेवर चालायला येतात. आपला कालवा वयाने लहान आहे, त्याच्या काठी ऊस आहे, पालखीचा मार्ग जवळ आहे, पुढे थेऊरचा चिंतामणी आहे, आणि पक्ष्यांनी भरलेली नदी हाकेवर आहे. एका दिवसाच्या भटकंतीला याहून जास्त काय लागतं?

म्हणून येत्या हिवाळ्यात एका रविवारी मुलांना घेऊन इथे चालायला या. पक्ष्यांची नावं त्यांना शिकवा, गुऱ्हाळ सापडलं तर गरम गूळ खायला घाला. आणि मांजरीचं मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडे दोनच गोष्टी मागा: कालव्याच्या काठाने पायवाट आणि नदीत शुद्ध केलेलंच पाणी.