संदेशवहन प्रणालींच्या कार्यक्षमतेची तुलना : पीव्हीएम आणि एमपीआय

संगणकजालावरील संदेशवहन प्रणालींची जी तुलना १९९० च्या दशकात झाली, तिची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. स्वतंत्र संगणक जाळ्याने जोडून एकच मोठे गणित त्यांच्यात वाटून द्यावयाचे, तर त्यांनी परस्परांना संदेश पाठविणे अपरिहार्य ठरते. या गरजेतून १९८९ मध्ये अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत ‘पॅरलल व्हर्च्युअल मशीन’ (पीव्हीएम) या प्रणालीचे काम सुरू झाले. ‘मेसेज पासिंग इंटरफेस’ (एमपीआय) हे मानक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

तुलनेची रूढ कसोटी ‘पिंग-पाँग’ ही होय. एका संगणकाने पाठविलेला संदेश दुसऱ्याने तसाच परत करावयाचा आणि लागलेल्या वेळेची निमपट घ्यावयाची. या कसोटीत पीव्हीएम बहुधा मंद ठरे. मात्र त्याचे कारण पाहिले पाहिजे. पीव्हीएमचा संदेश मूळ योजनेनुसार थेट न जाता प्रत्येक संगणकावरील ‘डीमन’ या मध्यस्थ आज्ञावलीमार्फत जाई. शिवाय भिन्न बनावटीच्या यंत्रांना आकडे समजावेत म्हणून ते सामाईक रूपात बदलले जात. हे दोन्ही टाळण्याची सोय पीव्हीएममध्येच होती. ती न वापरता काढलेल्या आकड्यांवरून प्रणालीला मंद म्हणणे न्याय्य नाही. त्यातही पीव्हीएम ही प्रत्यक्ष आज्ञावली, तर एमपीआय हे केवळ मानक. एमपीआयसीएच की लॅम, हे सांगितल्यावाचून तुलनेला अर्थ उरत नाही. (लॅममध्येही मध्यस्थाचा आणि थेट असे दोन्ही मार्ग होते!)

त्या काळी प्रचलित असलेले इथरनेट सेकंदाला १० मेगाबिट, म्हणजे फार तर १.२५ मेगाबाइट वाहून नेई. मोठ्या संदेशांत जाळेच मर्यादा घाली व प्रणालींतील अंतर पुसट होई. लहान संदेशांतच ते ठळक दिसे. नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ मध्ये बांधलेल्या १६ प्रक्रियकांच्या बेवुल्फ संगणकात म्हणूनच इथरनेटच्या वाहिन्या एकत्र जोडल्या गेल्या. पुण्याच्या सी-डॅकनेही ‘परम’ संगणकांसाठी ‘परमनेट’ ही स्वतःची जोडणी विकसित केली.

एमपीआयची सरशी केवळ वेगामुळे झाली, असे मानता येत नाही. १९९२ पासून यंत्रनिर्माते व संशोधक एकत्र बसून हे मानक ठरवीत होते. त्यामुळे प्रत्येक निर्मात्याला ते आपल्या यंत्रास साजेसे घडविता आले. याउलट, गणित चालू असताना संगणक जोडणे, काढणे आणि एखादा बंद पडल्यास ते कळणे, हे पीव्हीएमचे गुण पिंग-पाँगच्या आकड्यांत कोठेच उमटले नाहीत. चालू गणितात नव्या प्रक्रिया सुरू करण्याची सोय एमपीआयमध्ये १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली.