डाळिंब, सोलापुरातील लागवड

प्युनिका ग्रॅनॅटम हे लिथ्रेसी कुलातील काटेरी झुडूप. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या हलक्या, मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत ते उत्तम येते. काळ्या भारी जमिनीत पाणी साचले की मर रोग हमखास. सोलापुरात केगाव येथे 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असून ‘सोलापूर लाल’ हा वाण तिथलाच. बाजारात मात्र राज्य ‘भगवा’चेच. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे.

लागवड गुटी कलमांनी, साधारण 4.5 × 3 मीटरवर करतात. बुंध्यातून सारखे फुटवे येतात. तीन-चार खोडे राखून बाकीचे कोवळे असतानाच काढावेत. परसातल्या झाडाचे रान होते ते या कामातल्या आळसामुळे.

झाड वर्षभर थोडेथोडे फुलते, म्हणून बहार धरावा लागतो : मृग (जून-जुलै), हस्त (सप्टेंबर-ऑक्टोबर) किंवा आंबे (जानेवारी-फेब्रुवारी). पाणी तोडून झाडाला ताण देतात, पानगळ झाली की पेन्सिलीच्या जाडीचे शेंडे छाटतात, खत घालून पहिले पाणी हलके देतात. पुढे पाण्यात अनियमितपणा झाल्यास फळे तडकतात.

खरा शत्रू तेल्या. फळावर तेलकट काळे डाग पडतात आणि साल एल किंवा वाय आकारात उकलते. हा जिवाणूजन्य रोग पावसाचे शिंतोडे, रोगट कलमे आणि छाटणीच्या कात्रीतून पसरतो. कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी, रोगट फळे बागेबाहेर नेऊन जाळावीत. तेल्याग्रस्त बागेत मृगापेक्षा हस्त बहार बरा.