फॉरमॅटची सवय आणि हरवलेली किल्ली

सांताक्रूझचे नाव लावणारे, पण अंधेरी पूर्वेला वसलेले सीप्झ हे औद्योगिक क्षेत्र 1973 साली सुरू झाले ते इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी. मुंबईच्या उपनगरांतल्या घरांत संगणक आला तो मात्र तिथून नव्हे. तो आला ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून, सुट्या भागांच्या रूपाने. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या गल्ल्यांतल्या तंत्रज्ञांनी हे भाग जोडून असेंबल्ड यंत्रे घरोघर पोहोचवली आणि त्यांच्याबरोबर दुरुस्तीची एक रीतही रुजवली. संगणक रेंगाळू लागला, व्हायरस शिरला, विंडोज उडाले, की सी ड्राइव्हला फॉरमॅट मारायचा आणि विंडोज नव्याने टाकायचे. कामाच्या फायली डी ड्राइव्हवर असतात, त्यांना धक्का लागत नाही. ही रीत अडाणीपणाची होती असे मला वाटत नाही. ती तिच्या काळाला अगदी योग्य होती. तिच्यामागचे गृहीतक नंतर खोटे ठरले, रीत मात्र तशीच चालत राहिली. कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या, फायली कायमच्या हातच्या जाण्याचे खरे कारण मला इथे दिसते.

विंडोज 98 च्या काळात डिस्कवरची मांडणी फॅट 32 ची होती. फाइल कोणाची, ती कोणी वाचावी, याची नोंदच त्या मांडणीत नव्हती. त्यामुळे डी ड्राइव्हवरची फाइल नव्या विंडोजमध्ये सहज उघडे. मराठी डीटीपीच्या धंद्याने हा विश्वास आणखी पक्का केला. श्रीलिपी किंवा आकृतीत जुळवलेला मजकूर फॉरमॅटनंतर निरर्थक खुणांसारखा दिसायचा, पण फाँट पुन्हा टाकला की जसाच्या तसा परत यायचा. न वाचता येणारी फाइल म्हणजे फक्त काहीतरी टाकायचे राहिले आहे, आणि ते तंत्रज्ञाच्या पिशवीतल्या सीडीत असणारच, अशी समजूत यातून झाली.

फेब्रुवारी 2000 मध्ये विंडोज 2000 आले आणि त्यात ईएफएस ही फाइल कुलूपबंद करण्याची सोय आली. या सोयीत प्रत्येक फाइल एका वेगळ्या किल्लीने बंद होते आणि ती किल्ली वापरकर्त्याच्या प्रमाणपत्राने बंद होते. ते उघडणारी खासगी किल्ली राहते वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे बहुधा सी ड्राइव्हवर, आणि तिलाही त्याच्या पासवर्डचे संरक्षण असते. म्हणजे फाइल डी वर सुखरूप, पण किल्ली फॉरमॅटबरोबर पुसलेली. नव्या विंडोजमध्ये तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला तरी उपयोग होत नाही, कारण विंडोजच्या लेखी तो वापरकर्ता नवा असतो आणि त्याच्या किल्ल्याही नव्या असतात. फसगत वाढते ती संदेशामुळे. साध्या फाइलवर जुन्या मालकाचा हक्क राहिला असला तरी ‘प्रवेश नाकारला’ असेच दिसते. तिथे मालकी बदलली की काम होते. कुलूपबंद फाइलची मालकी कितीही बदला, आतला मजकूर बंदच राहतो.

यावर कोणी म्हणेल, दोष मायक्रोसॉफ्टचा आहे, मागचे दार ठेवायला हवे होते. तसे दार काही प्रमाणात होतेही. विंडोज 2000 मध्ये यंत्राचा प्रशासक आपोआप पुनर्प्राप्तीचा अधिकारी असे. एक्सपीने घरगुती यंत्रांपुरती ही सोय काढली, आणि ते योग्यच झाले. दुरुस्तीला आलेल्या यंत्रातले कागद तंत्रज्ञाला वाचता येत असतील तर ते कुलूप कशासाठी? सारी सुरक्षितता किल्लीवरच अवलंबून असावी, हे गूढलेखनाचे अभ्यासक ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्येच मांडले होते. दुसरा आक्षेप असा, की मग कुलूपच नको. पण लॅपटॉप लोकलमध्ये राहिला तर बँकेचे आणि आधारचे कागद उघडे पडतात, ही भीती खोटी नाही. शिवाय आता निवड नेहमी आपल्या हाती नसते. विंडोज 8.1 पासून अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बिटलॉकर या विंडोजच्याच डिस्क कुलूपबंद करण्याच्या सोयीने बंद केलेला डी ड्राइव्ह रोज आपसूक उघडत असेल, तर ती सोयही सी वरच नोंदलेली असते. सी पुसला की डी पासवर्ड किंवा 48 अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागतो.

काही गेलेले परत मिळते, हेही सांगायला हवे. फॉरमॅटऐवजी विंडोज जुन्यावरच टाकले असेल तर ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात जुने प्रोफाइल काही दिवस शिल्लक राहते. त्यातले क्रिप्टो आणि प्रोटेक्टचे फोल्डर, प्रमाणपत्रे आणि जुना पासवर्ड हाती असेल, तर जाणकार ईएफएसची किल्ली पुन्हा उभी करू शकतो. प्रमाणपत्र आधीच पीएफएक्स फाइलमध्ये काढून ठेवले असेल तर काम मिनिटांचे. मात्र सी वर नवे लिखाण होत जाईल तशी आशा घटते, म्हणून पहिले काम यंत्र बंद करणे. किल्लीची प्रतही त्याच यंत्रात ठेवू नये. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; पाणी घरात शिरून यंत्रच बुडू शकते अशा उपनगरांत तर नाहीच. तेव्हा तंत्रज्ञाला फॉरमॅटचा होकार देण्याआधी त्याला विचारा, फायली कुलूपबंद आहेत का, आणि किल्ली कुठे आहे? उत्तर मिळेपर्यंत त्याला सी ड्राइव्हला हात लावू देऊ नका.