सशर्त संभाव्यता : रुग्णांच्या जगण्यामरण्याचा एडिनबरातील हिशेब

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण वाचण्याची शक्यता किती, या प्रश्नाला ‘कोणता रुग्ण, कुठे आणि कोणत्या परिस्थितीत’ हे ठरवल्याशिवाय अर्थपूर्ण उत्तर देता येत नाही. एखादी अट पूर्ण झाली आहे असे धरून काढलेल्या शक्यतेला ‘सशर्त संभाव्यता’ म्हणतात.

एडिनबरा विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स यंग सिम्पसन यांनी १८६९ मध्ये अवयवविच्छेदनाच्या शस्त्रक्रियांची आकडेवारी मांडली. मोठ्या रुग्णालयांतील २,०८९ रुग्णांपैकी ८५५ दगावले. ग्रामीण डॉक्टरांनी केलेल्या २,०९८ शस्त्रक्रियांत २२६. एकत्रित हिशेबात सुमारे ७४ टक्के रुग्ण वाचले. अट लावताच चित्र पालटते : रुग्णालयात ५९ टक्के, ग्रामीण भागात ८९ टक्के.

येथे एक गल्लत टाळावी लागते. एकूण १,०८१ मृतांपैकी ७९ टक्के रुग्णालयातील होते. पण रुग्णालयातील रुग्ण दगावण्याची शक्यता ४१ टक्के होती. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मृत्यूचे प्रमाण तेच राहून रुग्णालयातील शस्त्रक्रिया एक दशांश असत्या, तर ७९ टक्क्यांचा आकडा सुमारे २७ वर आला असता. अशा उलट प्रश्नांची सांगड घालणारे सूत्र ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या थॉमस बेज यांनी १७१९ मध्ये याच विद्यापीठात प्रवेश घेतला होता. त्यांचा निबंध मृत्यूनंतर, १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

तथापि, मृत्यूला रुग्णालयच कारणीभूत, असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. अधिक गंभीर जखमी रुग्णालयात आणले जात असतील, तर तुलना समान रुग्णांची राहत नाही. सिम्पसन यांचा रोख मोठ्या इमारतींवर होता. लहान, सुट्या वास्तू बांधाव्यात असे त्यांचे मत होते. १८६९ मध्येच एडिनबरात आलेल्या जोसेफ लिस्टर यांनी मात्र वेगळी अट तपासली होती. ग्लासगो येथे जंतुनाशक पद्धतीपूर्वी त्यांच्या ३५ पैकी १६ रुग्णांचा अवयवविच्छेदनानंतर मृत्यू झाला. ती पद्धत अवलंबिल्यावर ४० पैकी ६ जणांचा. रुग्णसंख्या लहान होती, तरी इमारत न बदलताही मृत्यू घटू शकतात, हे त्यातून सूचित झाले.

आजही रुग्णालयांच्या यशाची टक्केवारी वाचताना दोन प्रश्न विचारावेत : ही टक्केवारी कोणत्या रुग्णांमधून काढली आहे, आणि आपला रुग्ण त्यांच्यासारखा आहे काय?