कातळातला चुना

मळवलीला उतरून भाज्यामार्गे लोहगडावर गेला असाल तर वर पोचल्यावर तुम्हीही बहुतेक थेट विंचूकाट्याकडे धावला असाल. मीही तेच करायचो. महादरवाजातून आत शिरल्यावर एक दर्गा लागतो, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला चुन्याची घाणी आहे. तिचा फोटो सहसा कोणी काढत नाही.

मी मित्रमंडळींना गडावर न्यायचो आणि दर वेळी एक वाक्य ऐटीत टाकायचो : "हा सगळा कातळ म्हणजे थिजलेली आग. यात जिवाचा काही संबंध नाही." एकदा बरोबर आलेल्या नववीतल्या भाचीने घाणीशी थांबून विचारलं, "मामा, गड तर काळा. मग हा पांढरा चुना आला कुठून?"

मी म्हटलं, "चुनखडी भाजून."

"आणि चुनखडी?"

गाडी तिथेच अडकली. उतरताना मी पाऊस, भजी, लोकल असे विषय काढत राहिलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, आणि उत्तर शोधता शोधता माझं ते ऐटीतलं वाक्यच मोडीत निघालं.

पहिली गोष्ट म्हणजे चुना त्या काळ्या दगडातच असतो. दख्खनच्या बेसॉल्टचं रासायनिक पृथक्करण केलं तर त्यात साधारण १० टक्के कॅल्शियम ऑक्साइड निघतं. पण ते खनिजांत कुलूपबंद असतं. कुलूप उघडतं पाणी, आणि त्या पाण्याला धार येते ती मातीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. हा वायू मातीत येतो मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातून.

लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इतक्या पाण्यात सुटलेलं कॅल्शियम इथे टिकत नाही, इंद्रायणी-पवनेतून पूर्वेला वाहून जातं. पुढे देशावर पाऊस ५००-६०० मिलिमीटरवर येतो. तिथल्या काळ्या मातीत पाणी आटतं आणि कॅल्शियम पांढऱ्या खड्यांच्या रूपात साठतं. शेतकरी त्याला चुनखडी म्हणतात आणि वैतागतात. गवंडी मात्र पिढ्यान् पिढ्या तीच भट्टीत भाजून, घाणीत मळून भिंती उभ्या करत आले.

पण चुनखडीच्या खड्यांपेक्षा मोठी गोष्ट तळ्यांची आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा ओतला जात होता, पण तो सलग नव्हे. दोन उद्रेकांच्या मध्ये उसंत असायची. मावळातल्या थरांमध्ये त्या उसंतीची खूण म्हणजे लाल मातीचे पट्टे. खंडाळ्याच्या घाटात ते दिसू शकतात. पूर्वेला, नागपूरकडे, याच उसंतीत तळी साचली. स्टीफन हिस्लॉप हा मिशनरी नागपूरजवळच्या टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमधला हा गाळ तपासत होता. १८५५मध्ये त्याने आणि हंटरने त्यावर निबंध छापला. गोड्या पाण्यातल्या गोगलगाई, बिया, किडे : आगीच्या दोन थरांमध्ये अख्खं तळं सापडलं होतं. अशा तळ्यांच्या थरांत चुनखडकही असतो.

तळ्यात चुनखडक कसा होतो? पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असतं. तळाशी सायनोबॅक्टेरियांची बुळबुळीत साय धरते. उन्हात हे जिवाणू पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, पाणी अल्कधर्मी होतं आणि चुना बाहेर पडून त्यांच्याच चिकट आवरणावर बसतो. वर गाळाचे कण अडकतात. जिवाणू उजेडासाठी वर सरकतात, नवी साय, नवा थर. असे थरावर थर चढत दगड तयार होतो.

हे पहिल्यांदा ठामपणे मांडलं जर्मनीच्या एर्न्स्ट काल्कोव्स्की यांनी, १९०८मध्ये. हार्ट्‌स डोंगरांजवळच्या सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यातल्या पापुद्र्यांच्या दगडांना त्यांनी नाव दिलं 'स्ट्रोमॅटोलिथ', आणि ते साध्या सूक्ष्म वनस्पतींनी घडवले असं सांगितलं. अनेकांना ते पटलं नाही. १९५०च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेच्या उथळ, खारट समुद्रात असे दगड वाढत असलेलेच सापडले, तेव्हा शंकेला जागा कमी उरली.

इथपर्यंत वाचून मी खूश झालो होतो. आता नवं ऐटीतलं वाक्य तयार होतं : "चुनखडक जिवाणूंनीच केला." तेवढ्यात ब्राझील आडवं आलं. २००६मध्ये तिथे समुद्राखाली, मिठाच्या जाड थराच्या तळाशी, प्रचंड तेलसाठा लागला. तेल होतं ते ११ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या तळ्यांच्या चुनखडकात. सुरुवातीला बऱ्याच जणांनी तो जिवाणूंचाच मानला. २०१५मध्ये राइट आणि बार्नेट यांनी उलट मांडणी केली : ज्वालामुखी खडकांवरची तळी इतकी अल्कधर्मी होती की यातल्या काही रचना निव्वळ रसायनानेही घडू शकतात. वाद अजून चालू आहे.

दोन्ही शक्यता जवळून पाहायच्या तर लोणारला जा. बेसॉल्टमधलं विवर, बाहेर जायला वाट नाही, पाण्याचा सामू १०च्या आसपास. तळाच्या जुन्या गाळात गेलुसाइटचे स्फटिक सापडलेत. कोरड्या काळात पाणी आटताना ते बनले, म्हणजे रसायन. आणि जून २०२०मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधलं ते मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचं, म्हणजे जीव. एकाच तळ्यात दोघेही नांदतात. म्हणून दगड बघून निकाल द्यायचा नसतो. तो पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, धाग्यांचे साचे, अडकलेले कण शोधायचे, मगच कर्ता ठरवायचा.

लोहगडाच्या दरवाजांचं काम नाना फडणीसांनी १७९० ते १७९४ या काळात करवून घेतलं, हे आपण सांगतो. घाणीवर राबलेल्यांची नावं आपल्याला सांगता येत नाहीत, म्हणून ते नव्हते असं कोणी म्हणत नाही. जिवाणूंच्या बाबतीत मी मात्र वर्षानुवर्षं तेच म्हणत होतो.

आता मी गडावर 'जिवाचा संबंध नाही' असं म्हणत नाही. भाची पुन्हा आली तेव्हा सोलापूर रस्त्यावरच्या एका शेतातून चुनखडीचा खडा नेला होता. घाणीजवळ बसून त्यावर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले. शेजारच्या काळ्या दगडाच्या सुट्या तुकड्यावर पिळलं, काहीच नाही.

"हा वायू कुठला?" तिने विचारलं.

"मातीतल्या कुणाच्या तरी श्वासातला," मी म्हटलं. "निदान बराचसा."

या वेळी 'निदान' म्हणायला मी विसरलो नाही.