नाताळचा ऋतू कोणता? एक तारीख, दोन गोलार्ध आणि दोन पंचांगे

१/ डिसेंबर १४९७. वास्को द गामाची जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे सरकत होती. हिंदुस्थानचा किनारा अद्याप पाच महिने दूर होता. नाताळच्या सुमारास दृष्टीस पडलेल्या भूमीला त्याने सणाचेच पोर्तुगीज नाव दिले : नाताल. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात ते आजही टिकून आहे. आपला ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच मराठीत आला.

२/ ज्या दिवशी त्या किनाऱ्याचे बारसे झाले, तो दिवस मात्र भर उन्हाळ्यातला होता. लिस्बनमध्ये रात्र मोठी असताना येथे दिवस मोठा होता. सण जहाजात बसून विषुववृत्त ओलांडून आला. ऋतू मात्र मागे राहिला. या ताटातुटीचाच हा इतिहास आहे.

३/ मुळात २५ डिसेंबर ही तारीख आली कोठून? ख्रिस्तजन्माचा दिवस बायबलमध्ये दिलेला नाही. या तारखेची सर्वांत जुनी निश्चित नोंद इ. स. ३५४ मध्ये रोम येथे सिद्ध झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात सापडते. त्यातील संबंधित यादी इ. स. ३३६ची मानली जाते. रोमन गणनेत हाच दिवस दक्षिणायनाच्या अखेरीचा, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवस, समजला जाई. ही तारीख सूर्योत्सवावरून घेतली की २५ मार्चच्या गर्भधारणेपासून नऊ महिने मोजून काढली, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. परंतु काळोख सरतो आणि प्रकाश वाढू लागतो, हा अर्थ त्या तारखेला लवकरच चिकटला. हा अर्थ उत्तर गोलार्धाचा होता.

४/ बर्फ, शेकोटी आणि सूचिपर्णी वृक्ष या चित्राला जगभर रूढ करणारा काळ तर फार अलीकडचा. चार्ल्स डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ १८४३चे. राणी व्हिक्टोरियाचे कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभे असल्याचे प्रसिद्ध चित्र ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये १८४८ साली छापले गेले. छापखाना, टपाल आणि साम्राज्य यांनी मिळून उत्तर युरोपचा हिवाळा साऱ्या जगाच्या भिंतींवर टांगला.

५/ आता सिडनीला जाऊ. १७८८च्या जानेवारीत ब्रिटिशांचा पहिला ताफा कैदी आणि सैनिक घेऊन तेथे उतरला. त्यांच्याबरोबर आलेला नौसैनिक अधिकारी वॉटकिन टेंच याने २७ डिसेंबर १७९०च्या दुपारी तापमापकावर १०९ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, इतका पारा नोंदवला आहे. नाताळ होऊन दोनच दिवस झाले होते!

६/ त्या भूमीला स्वतःचे ऋतू होते आणि ते जाणणारी माणसेही होती. मात्र त्या माणसांशी संवाद साधण्यासाठी गव्हर्नर फिलिप याने निवडलेला मार्ग पाहा. वसाहतीचा पहिला नाताळ उलटून आठवडाही झाला नव्हता, तोच १७८८च्या डिसेंबरअखेरीस अराबानू नावाच्या आदिवासी पुरुषाला बळाने पकडून आणण्यात आले. हेतू त्याची भाषा शिकण्याचा होता. पुढच्या मे महिन्यात देवीच्या साथीत तो मरण पावला. सण परक्या भूमीत रुजला, त्या कथेची ही बाजू नजरेआड करता येत नाही.

७/ कालांतराने मात्र भूमीनेच सणाला बदलले. न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबरात लाल होणाऱ्या एका झुडपाला ‘ख्रिसमस बुश’ म्हणू लागले. न्यूझीलंडमध्ये माओरींच्या ‘पोहुतुकावा’ वृक्षाला याच महिन्यात लालभडक बहर येतो. वसाहतवाल्यांनी त्यालाच आपले नाताळचे झाड मानले. १९३८ साली मेलबर्नमध्ये नॉर्मन बँक्स या रेडिओ निवेदकाने उद्यानात, मोकळ्या आकाशाखाली, मेणबत्त्यांच्या प्रकाशात सामुदायिक गायनाचा प्रघात पाडला. लंडनच्या डिसेंबरात अशी रात्र कोण उघड्यावर काढील? १९४८ मध्ये विल्यम जेम्स आणि जॉन व्हीलर यांनी ऑस्ट्रेलियाच्याच निसर्गावर नाताळगीते रचली.

८/ ऋतू बदलला, पण तारीख तरी सर्वत्र एकच राहिली का? तीही नाही. जुने ज्युलियन वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा किंचित मोठे होते. सुमारे १२८ वर्षांत एक दिवस, अशी चूक साचत गेली. म्हणून १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा दिवस वगळले : ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. इंग्लंडने हा बदल १७५२ मध्ये, अकरा दिवस गाळून, स्वीकारला. अनेक पौर्वात्य चर्चेस मात्र जुन्याच गणनेवर राहिली. त्यांचा २५ डिसेंबर आज आपल्या ७ जानेवारीला येतो, आणि २१०१ पासून ८ जानेवारीला येईल.

९/ इथिओपियाचे पंचांग तर निराळेच, पण त्यांचा नाताळही साधारणपणे ७ जानेवारीलाच पडतो. नाव ‘गेन्ना’. तेव्हा तेथे कोरडा ऋतू असतो. लोक शुभ्र सुती वस्त्रे नेसतात आणि हॉकीसारखा एक खेळ खेळतात, त्याचेही नाव गेन्नाच. उलट युक्रेनने २०२३ मध्ये कायदा करून नाताळची सरकारी सुटी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरवर आणली. रशियाशी युद्ध चालू असताना तारीख बदलणे ही केवळ पंचांगाची दुरुस्ती नव्हती. आपण कोणाबरोबर आहोत, याची ती घोषणा होती.

१०/ हे सारे आपल्याला परके वाटू नये. मकरसंक्रांतीला आपण उत्तरायणाचा आरंभ मानतो. प्रत्यक्षात सूर्य २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन घटना एकत्र होत्या. आपले पंचांग ताऱ्यांच्या संदर्भाने वर्ष मोजते, म्हणून संक्रांत दर सत्तर-बाहत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकत जाते. तरीही तिळगुळाची गोडी उणावलेली नाही.

११/ सण ऋतूच्या पोटी जन्मतात. पुढे ते तारखेच्या, सत्तेच्या आणि स्मृतीच्या आधाराने जगतात. म्हणून यापुढे कोणताही सण पाहताना तीन प्रश्न विचारावेत : तो कोणत्या आकाशाखाली जन्मला, त्याला येथवर कोणी आणले, आणि येथल्या मातीने त्यात काय घातले?